काटा शून्यावर, टाकीत पावणेनऊ लिटर

खंबाटकी घाट उतरून पंपावर शिरेपर्यंत भाचा एक शब्द बोलला नव्हता. महिन्याभरापूर्वी घेतलेली त्याची गाडी. टर्बो इंजिन, चारही चाकांना ताकद, ॲक्सिलरेटरला नुसता पाय लावला की पाठ सीटला चिकटते. आणि समोरच्या पडद्यावर ‘रेंज’ या शब्दापुढे आकडाच नाही, नुसत्या तीन आडव्या रेघा. घाट चढतानाच त्या आल्या होत्या. एसी बंद, गाणी बंद, काचा वर.

‘झिरो बघा साहेब,’ पंपावरचा पोरगा म्हणाला. आम्ही बघितला. लिटरचे आकडे पळायला लागले आणि 41.2 वर नोझल खट्‌कन थांबलं.

‘टाकी पन्नासची आहे ना रे?’ मी विचारलं.

‘हो मामा. बुकातच लिहिलंय.’

‘मग पावणेनऊ लिटर गेलं कुठे?’

उत्तर पंपावरच्या पोराने दिलं. ‘गेलं कुठंच नाही. टाकीतच होतं की ते!’

त्या एका वाक्यापायी मी पुढचे कितीतरी दिवस पेट्रोलच्या काट्यामागे लागलो. गाडीतला हा सगळ्यात जास्त बघितला जाणारा आणि सगळ्यात कमी समजलेला भाग आहे. तो पेट्रोल मोजतच नाही! तो मोजतो एका तरंगत्या ठोकळ्याची उंची. बाकी सगळा अंदाज.

साबणाच्या वडीएवढा ठोकळा

हे मला माझ्या जुन्या गाडीवर प्रत्यक्ष बघायला मिळालं. ‘टाकीचा फ्लोट गेलाय’ असं म्हणत मेकॅनिकने मागची सीट उचलली, खालचं गोल झाकण उघडलं आणि पेट्रोल पंपाचा अख्खा संच वर काढला. प्लॅस्टिकची एक उभी डबी, तिच्या अंगाला वाकवलेली तार आणि तारेच्या टोकाला काळा, हलका ठोकळा. साबणाच्या वापरून झिजलेल्या वडीएवढा. हाच फ्लोट. तारेच्या दुसऱ्या टोकाला दोन बारीक धातूची बोटं आणि त्यांच्याखाली रेघारेघांची पट्टी. ठोकळा वरखाली झाला की बोटं पट्टीवर सरकतात, विजेचा रोध बदलतो आणि त्यावरून काटा हलतो.

मेकॅनिकने पंपाचा फ्यूज काढला, चावी फिरवली आणि फ्लोट बोटाने वर उचलून धरला. ‘आता काट्याकडं बघा.’ काटा जागचा हलेना. मग अगदी सावकाश, लहान मुलाने जिना चढावा तसा, एकेक पायरी वर चढायला लागला.

हा संथपणा मुद्दाम दिलेला असतो. गाडी वळते, ब्रेक मारते, खड्ड्यात जाते. टाकीतलं पेट्रोल सतत हिंदकळतं. फ्लोट खरं बोलायला लागला तर काटा दिवसभर नाचत राहील. म्हणून फ्लोटच्या निरोपाची सरासरी काढून, थांबून, मगच काटा हलवला जातो. त्यामुळे अनेक गाड्यांत चावी चालू ठेवून थोडंसं पेट्रोल टाकलं तर काटा बराच वेळ ढिम्म राहतो. चावी बंद करून पुन्हा लावली की तो भानावर येतो.

पंपावर भांडायच्या आधी एवढं करून बघावं. आणि तरीही शंका असेल तर पंपावर पाच लिटरचं शिक्क्याचं माप असतं. ते मागून त्यात मोजून घेणं हा गिऱ्हाइकाचा हक्कच आहे.

खोगिरासारखी टाकी

दमदार गाड्यांचा काटा जास्त का फसतो, याचं एक सुंदर कारण टाकीच्या आकारात दडलंय. मागच्या चाकांना किंवा चारही चाकांना ताकद द्यायची तर पुढच्या इंजिनाकडून मागे जाणारा लांब दांडा गाडीच्या पोटाखालून, अगदी मधून न्यावा लागतो. टाकी तर नेमकी तिथेच, मागच्या सीटखाली. मग अशा बऱ्याच गाड्यांत टाकी घोड्यावर खोगीर टाकावं तशी दांड्यावर टाकलेली असते: एक पोट डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये उंचवटा.

टाकी भरलेली असेल तोवर पेट्रोल उंचवट्यावरून इकडेतिकडे जातं. अर्ध्याच्या खाली गेलं की दोन वेगळ्या विहिरी होतात. इंजिनाला पेट्रोल देणारा पंप एकाच विहिरीत. मग दुसरीतलं पेट्रोल पहिलीत आणायला एक जेट पंप बसवतात. त्यात हलणारा एकही भाग नसतो! बारीक तोंडातून जोरात सोडलेल्या पेट्रोलच्या धारेने ओढ तयार होते आणि ती पलीकडचं पेट्रोल खेचून आणते. अत्तराच्या फवाऱ्याच्या बाटलीत होतं तेच.

आता फ्लोट दोन, त्यांची बेरीज करायची, त्यात गाडी उतारावर उभी, त्यात लांब वळणावर सगळं पेट्रोल एका कुशीला. आणि जेट पंप थकला तर कमालच होते: काटा म्हणतो पेट्रोल आहे, पेट्रोल खरंच आहे, आणि इंजिन मात्र कोरडं पडून बंद! पेट्रोल असतं, पण पलीकडच्या विहिरीत.

रेंज म्हणजे कालची गोष्ट

आता त्या तीन रेघा. ‘रेंज’चा आकडा निघतो एका गुणाकारातून: टाकीत उरलेलं वापरण्याजोगं पेट्रोल गुणिले गाडीने अलीकडे दिलेलं ॲव्हरेज. गाडीला पुढचा रस्ता माहीत नसतो. तुम्ही आत्तापर्यंत जसे चालवत आलात तसेच चालवाल, एवढं धरून ती बोलते.

म्हणून कोरी गाडी सगळ्यात जास्त चुकते. तिचा ‘काल’ कसा गेलेला असतो बघा. शोरूमच्या आवारात पुढे-मागे, धुवायच्या जागेपासून दारापर्यंत, एसी लावून उभी, पहिल्या गिअरमध्ये पन्नास मीटर. पेट्रोल जळतंय, किलोमीटर वाढत नाहीत. मग टाकी फुल्ल केल्यावरही पडद्यावर इतका लहान आकडा येतो की नवा मालक घाबरतो. त्यात पहिले काही दिवस प्रत्येक जण शेजाऱ्याला, साडूला, मित्राला ‘जरा पिकअप बघ’ म्हणून फिरवून आणतो.

भाच्याची पहिली टाकी अशीच गेली. 346 किलोमीटर, 41.2 लिटर, म्हणजे लिटरला 8.4. दुसऱ्या वेळी तो हायवेने शांतपणे 401 किलोमीटर गेला आणि 34.6 लिटर बसलं. लिटरला 11.6! गाडी तीच, चालवणारा तोच, सव्वातीन किलोमीटरचा फरक.

घाटात तर रेंजचा खेळ डोळ्यांदेखत होतो. बोरघाट चढताना आकडा भराभर उतरतो. उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गाडी गिअरमध्ये असली, की आजकालची इंजिनं पेट्रोल पूर्ण बंद करतात. ॲव्हरेज उसळतं आणि रेंज वाढत जाते. टाकीत एक थेंबही वाढलेला नसताना!

बारा मिनिटांची टाकी

या गुणाकाराचं सगळ्यात टोकाचं उदाहरण म्हणजे बुगाटी वेरॉन. टाकी 100 लिटरची. सरकारी चाचणीत शंभर किलोमीटरला साधारण 24 लिटर, म्हणजे एका टाकीत चारशे किलोमीटर पार. तीच गाडी ताशी 407 किलोमीटरच्या कमाल वेगाने धरली तर टाकी रिकामी व्हायला सुमारे बारा मिनिटं लागतात. हिशेब करा: ऐंशी किलोमीटर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साधारण 95 किलोमीटरचा आहे. या वेगात ती गाडी एका टाकीत तोही पुरा करणार नाही.

चारशे खरे की ऐंशी? दोन्ही खरे. साध्या गाडीत शांत आणि रागीट चालवण्यात एवढं अंतर नसतं. ताकदीच्या गाडीत असतं, म्हणून तिच्या रेंजच्या आकड्याला उड्या मारायला जास्त जागा मिळते.

आपल्याकडे ॲव्हरेजचा छापील आकडा ‘एआरएआय’च्या नावाने ओळखला जातो. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवरची, 1966 मध्ये स्थापन झालेली ही गाड्या तपासणारी संस्था. या चाचणीत गाडी रस्त्यावर नाही, जागच्या जागी फिरणाऱ्या रोलरवर धावते: ठरलेल्या सेकंदाला ठरलेला वेग, आणि जास्तीत जास्त ताशी 90. गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला हा आकडा उत्तम. तुमच्या पायाची सवय मात्र त्यात नाही.

चंद्रावर हिंदकळलेलं इंधन

20 जुलै 1969. नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन ‘ईगल’ घेऊन चंद्रावर उतरत होते. खालची जागा दगडांची, आर्मस्ट्राँग पुढे जाऊन सपाटी शोधत होते. तेवढ्यात इंधन कमी असल्याचा दिवा लागला आणि पृथ्वीवरून सेकंद मोजणं सुरू झालं: साठ… तीस. सगळं जग श्वास रोखून होतं.

आणि तो दिवा लवकर लागला होता! टाकीतलं इंधन हिंदकळलं, पातळी बघणारा सेन्सर क्षणभर उघडा पडला आणि त्याने ‘कमी’ असा निरोप दिला. नंतरच्या हिशेबात हातात अजून 45 सेकंदांच्या आसपास होते असं निघालं. पुढच्या मोहिमांसाठी टाकीत हेलकावे रोखणाऱ्या पट्ट्या वाढवाव्या लागल्या. माझ्या मेकॅनिकच्या हातातला फ्लोट आणि ‘ईगल’ची टाकी, दुखणं एकच. मला हे कळलं त्या दिवशी मी दोघातिघांना फोन करून सांगितलं.

पौंड, किलो आणि शर्यतीची धावपट्टी

इंधनमापक बिघडला की काय होतं, याची सगळ्यात थरारक गोष्ट कॅनडातली. 23 जुलै 1983. एअर कॅनडाचं बोइंग 767 मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं. इंधनमापक यंत्रणा बंद होती, म्हणून टाक्यांची पातळी हाताने मोजली आणि आकडेमोड कागदावर केली. देश तेव्हा पौंडांवरून किलोवर येत होता. लिटरचे किलो करताना 0.8 ने गुणायचं, गुणलं 1.77 ने. हा तर पौंडाचा आकडा. हवं होतं 22,300 किलो, मिळालं 22,300 पौंड. निम्म्याहूनही कमी.

41 हजार फुटांवर असताना इंधन संपलं आणि दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना हौस होती ग्लायडर उडवायची. त्यांनी ते प्रचंड विमान ग्लायडरसारखं तरंगवत गिमली गावच्या जुन्या हवाई तळावर आणलं. त्या धावपट्टीचा काही भाग आता मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक होता आणि त्या दिवशी तिथे मोटार क्लबचा मेळावा भरलेला, बायका-मुलांसकट! विमान थांबलं. विमानातले 69 च्या 69 जण वाचले, खालीही कुणाचा जीव गेला नाही.

सगळ्यांचं नशीब असं नसतं. 2005 च्या ऑगस्टमध्ये ट्युनिंटर कंपनीच्या एटीआर 72 विमानात एटीआर 42 चा इंधनमापक बसवला गेला. टाकीचा आकार वेगळा, मापक वेगळा. तो इंधन आहे म्हणत राहिला. विमान सिसिलीजवळ समुद्रात उतरवावं लागलं आणि 16 माणसं गेली. काटा त्याच्या टाकीशी जुळलेला असणं किती महत्त्वाचं आहे, हे यापुढे वेगळं सांगायला नको.

पेट्रोलनेच खाल्लेला काटा

मे 2004. अमेरिकेच्या दक्षिण भागात, लुइझियाना-फ्लोरिडाकडे, अनेक गाड्यांचे काटे एकाएकी वेडे झाले. टाकी रिकामी, काटा फुल्ल! चूक गाड्यांची नव्हती. न्यू ऑर्लीन्सजवळच्या एका रिफायनरीतून निघालेल्या पेट्रोलमध्ये गंधक जास्त गेलं होतं. फ्लोटच्या त्या बारीक बोटांवर चांदी असते, आणि गंधक चांदीला काळं करतं. देव्हाऱ्यातलं चांदीचं निरांजन काळं पडतं तसंच. काळ्या थरातून वीज नीट जाईना आणि काटा खोटं बोलायला लागला. शेल या तेल कंपनीने शेकडो पंपांवरची विक्री थांबवली.

फॉर्म्युला वनलाही चकवा

लाखो डॉलरच्या गाडीत तरी हिशेब चोख असेल? 1 ऑगस्ट 2021, हंगेरी. सेबास्टियन वेटेल दुसरा आला. नियम असा की शर्यतीनंतर तपासणीसाठी एक लिटर इंधन गाडीतून निघालं पाहिजे. निघालं 300 मिलिलिटर. संघाचा हिशेब छातीठोकपणे सांगत होता की टाकीत दीड लिटरहून जास्त आहे. पण बाहेर येईना, आणि दुसरा क्रमांक गेला. नंतर इंधनाच्या यंत्रणेतला बिघाड सापडला.

1985 ची इमोलाची शर्यत याहून भारी. प्रत्येक गाडीला 220 लिटरची मर्यादा. आयर्टन सेना आघाडीवर, शेवटच्या काही फेऱ्या उरलेल्या आणि पेट्रोल संपलं. आघाडी योहान्सनकडे आली. फेरारीचा चालक, इटलीची माती, प्रेक्षक वेडे झालेले. त्याचंही संपलं!

आणि 1959 मध्ये सेब्रिंगला जॅक ब्रॅबमची गाडी शेवटच्या फेरीत कोरडी पडली. तो उतरला, गाडी ढकलत रेषेपार नेली, चौथा आला आणि विश्वविजेता झाला.

सेनाच्या त्या टर्बोच्या काळात काही संघ इंधन थंड करून भरायचे. पेट्रोल तापलं की फुगतं, थंड झालं की आकसतं. पन्नास लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापलं तर साधारण एक लिटरने वाढतं. ऊर्जा तेवढीच, फ्लोट मात्र थोडा वर. म्हणून फॉर्म्युला वनमध्ये आज इंधनाचा हिशेब किलोत करतात.

इथेनॉलचाही रेंजशी थेट संबंध आहे. कोल्हापूर-सांगलीच्या उसापासून पेट्रोलमध्ये येणाऱ्या या द्रवात तेवढ्याच पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. काटा दोन्ही सारखेच मोजतो.

काटा नव्हता तेव्हा

फोर्डच्या मॉडेल टीमध्ये पेट्रोल सीटखालच्या टाकीतून नुसतं उताराने इंजिनाकडे यायचं. बघायचं कसं? सीट काढा, काठी बुडवा. आणि पेट्रोल कमी असताना उभा चढ लागला की टाकी इंजिनाच्या खाली जायची, मग लोक गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढ चढायचे! फोक्सवॅगन बीटलला 1960 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत काटाच नव्हता. इंजिन आचके द्यायला लागलं की पायाजवळची कळ फिरवायची, राखीव पेट्रोल सुरू.

हे वाचताना ज्यांच्या घरी आकुर्डीची बजाज चेतक होती त्यांचा हात आपोआप सीटखालच्या कॉककडे गेला असेल. ऑन, रिझर्व्ह, ऑफ. ‘गाडी रिझर्व्हला लागली’ हे वाक्य तिथलंच. आणि रिझर्व्हही संपलं तर वडील स्कूटर एका कुशीवर कलती करायचे, क्षणभर धरायचे, उभी करून किक मारायचे. टाकीच्या कोपऱ्यात अडकलेला शेवटचा घोट कॉकच्या तोंडाशी यायचा आणि आम्ही पंपापर्यंत पोहोचायचो. मागे मी, पुढे उभी धाकटी बहीण.

काट्यावरच्या पंपाच्या चित्राशेजारचा, टाकीचं झाकण कुठल्या बाजूला आहे ते दाखवणारा छोटा बाणही असाच एका माणसाच्या अनुभवातून आलाय. फोर्डमध्ये काम करणारे जिम मॉयलन 1986 मध्ये कंपनीच्या गाडीत पेट्रोल भरायला गेले, टाकीचं झाकण पलीकडच्या बाजूला निघालं, आणि वर पाऊस. परत येऊन त्यांनी ओल्या कपड्यांतच कंपनीला सूचना लिहिली. 1989 च्या गाड्यांत बाण आला. आज तो जगभर आहे. आपल्या गाडीत आत्ता जाऊन बघा.

पावणेनऊ लिटर कशासाठी?

स्पीडोमीटरसाठी संयुक्त राष्ट्रांचा एक मोटार-नियम आहे: खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचं नाही, जास्त चालेल. खरा वेग 100 असताना 114 पर्यंत चालतं, 99 चालत नाही. पेट्रोलच्या काट्याचा कलही तसाच ठेवतात. संपायच्या आधी ‘संपलं’ म्हणालेलं बरं, संपल्यावर ‘आहे’ म्हणण्यापेक्षा. रात्री घाटात बायको-मुलांना घेऊन उभं राहायची वेळ ज्याच्यावर आलीय त्याला हे लगेच पटेल.

पण ते पेट्रोल रोज वापरायचं नसतं. टाकीत बुडालेला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. पातळी फार खाली गेली की तो तापतो. ताकदीच्या गाडीत तर वळणावर पेट्रोल बाजूला सरकतं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. म्हणून हे शेवटचं पेट्रोल गाडीसाठी आहे, असं मी भाच्याला सांगितलं आणि एक वही घेऊन दिली.

पद्धत जुनीच, टाकी ते टाकी. नोझल पहिल्यांदा खट्‌ झालं की थांबायचं, वर दाबून भरायचं नाही. ट्रिप मीटर शून्य करायचं. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, तसंच भरायचं. किलोमीटर भागिले लिटर. तीन-चार टाक्यांत गाडीचं खरं ॲव्हरेज हातात येतं. आणि इतक्यांदा करूनही काटा रिकाम्याच्या जवळ असताना प्रत्येक वेळी पेट्रोल फारच कमी बसत असेल, किंवा काटा अर्ध्यावर अडकत असेल, तर ही वहीच सर्व्हिस सेंटरला दाखवायची. ‘मला वाटतं काटा चुकतोय’ आणि ‘हे बघा, चार वेळचे आकडे’ यांत फार फरक पडतो.

भाच्याने त्यापुढे एक पाऊल टाकलं. वहीच्या शेवटच्या पानावर त्याने तक्ता आखलाय: काट्याची खूण आणि टाकीत खरं उरलेलं पेट्रोल. शून्यावर 8.8 लिटर. पाववर 18.6. अर्ध्यावर 29. पाऊणची ओळ अजून रिकामी आहे. ती भरायला रविवारी वाईला जायचं ठरलंय.